तीन पायऱ्या आणि एक कायदा

वाचकहो, या सदरात आपण आजवर रक्तदाब, मधुमेह, लहान मुलांच्या लसी, पावसाळ्यातले जुलाब अशा विषयांवर बोलत आलो. आजचा विषय जरा वेगळा, म्हणजे कायद्याचा आहे. डॉक्टरने वकिलाच्या प्रांतात कशाला शिरावे, असे कुणाला वाटेल. पण हा कायदा मला एका पेशंटने शिकवला, आणि शिकता शिकता माझीच चूक माझ्यापुढे आणून ठेवली. म्हणून लिहितो.

माझा दवाखाना बाजाररस्त्यावर आहे. २००३ साली तो बांधला तेव्हा मागच्या नाल्याचे पाणी पावसाळ्यात आत शिरू नये म्हणून जोते दीड फूट उंच घेतले. साहजिकच दाराशी तीन पायऱ्या आल्या. त्या पायऱ्यांकडे मी पुढची कित्येक वर्षे पाहिलेही नाही. ज्याला चढता येते त्याला पायरी दिसत नाही.

एक शिक्षिका बरीच वर्षे माझ्याकडे येत. (त्यांच्या संमतीने लिहितो आहे, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय निकामी. शाळेत त्या चाकाच्या खुर्चीवरून वर्ग घेत. माझ्या मुलीलाही त्यांनी शिकवले. सारा गाव त्यांना बाई म्हणतो, मीही. बाई रिक्षातून येत, रिक्षा दवाखान्यासमोर थांबे, कंपाउंडर आत येऊन सांगे आणि मी पायऱ्या उतरून रस्त्यावर जाई. रिक्षातच रक्तदाब मोजायचा, छातीला नळी लावायची, चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून लिहायची. दोघांनी उचलून आत नेण्याची तयारी आम्ही सुरुवातीला दाखवली होती. ते त्यांना आवडले नाही, आणि का आवडावे? डॉक्टर स्वतः खाली उतरून येतात म्हणून लोक माझे कौतुक करीत. खोटे कशाला बोलू, मलाही ते ऐकून बरे वाटे.

चार वर्षांपूर्वी एके रात्री बाईंचा फोन आला. पाळी जाऊन पाच वर्षे झाली होती आणि गेले सात महिने मधूनमधून अंगावरून रक्त जात होते. सात महिने! त्या काळात मी त्यांना रिक्षात किमान चार वेळा तपासले होते. मी जरा रागावूनच विचारले, "बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "कुठे सांगू डॉक्टर? रिक्षावाला पुढे बसलेला, समोर पानटपरीवर चार माणसं उभी. तुम्ही उतरून येता याचंच मला ओझं, त्यात ही गोष्ट रस्त्यावर कशी काढू?"

मला उत्तर सुचले नाही. पुढच्या तपासण्या जिल्ह्याच्या गावी झाल्या, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. तो वेळेत सापडला असे आज म्हणता येते, शस्त्रक्रिया झाली, बाई ठीक आहेत. पण ते नशीब होते, माझी हुशारी नव्हे. (जाता जाता सांगून ठेवतो: पाळी कायमची बंद झाल्यावर वर्षभराने किंवा त्यानंतर कधीही अंगावरून रक्त गेले, मग ते एकच ठिपका का असेना, तर तपासणी झालीच पाहिजे. "उष्णता झाली असेल" म्हणून बसू नये.)

बऱ्या झाल्यावर बाईंनी एक दिवस मला एक झेरॉक्स पाठवली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यातले एक पान होते. कलम २५ खाली पेन्सिलने रेघ मारलेली. त्या कलमात आरोग्यसेवेविषयी लिहिले आहे. सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांत व आरोग्यसंस्थांत सर्व भागांत अडथळ्याविना जाता यावे. आणि दिव्यांग व्यक्तीला तपासणीत व उपचारात अग्रक्रम मिळावा. 'खासगी' या शब्दाखाली पेन्सिलची रेघ दुहेरी होती.

तोवर माझी समजूत अशी होती की हा कायदा म्हणजे नोकरीतल्या राखीव जागा आणि एसटीची सवलत. आपल्यातल्या बहुतेकांची तीच आहे. म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो.

आपल्या देशात अपंगांसाठी पहिला सर्वंकष कायदा झाला तो १९९५ साली. त्या डिसेंबरात दिल्लीत अपंग मंडळी संसदेबाहेर रस्त्यावर उतरली होती. त्यांत पुढे होते जावेद आबिदी, स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसणारे. विधेयक त्याच अधिवेशनात मंजूर झाले आणि कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. योगायोग असा की त्याच वर्षी मी माझी पाटी लावली, आणि या कायद्याचे नावही मला ठाऊक नव्हते. वैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला पोलिओ शिकवला, कॅलिपर शिकवले, पोलिओ झालेला माणूस दवाखान्यात शिरणार कसा हे कुणी शिकवले नाही.

त्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखीव होत्या. पुढे १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला, भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली, आणि मग आपला कायदा त्याला जुळता करणे भाग पडले. नवा कायदा २०१६ च्या डिसेंबरात झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आता प्रकार २१ आहेत. अंधत्व, बहिरेपण, हातापायांचे अपंगत्व, बरा झालेला कुष्ठरोग, मानसिक आजार हे तर आहेतच. शिवाय स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा ऱ्हास, वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता, कंपवात, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती. आपल्या राज्यात नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलची घराणीच्या घराणी आहेत. वरून धडधाकट दिसणारा, पण महिन्यातून दोनदा सांधेदुखीने अंथरुणाला खिळणारा तो मुलगाही आता या कायद्याखाली येतो, हे त्याच्या शाळेतल्या गुरुजींना माहीत असायला हवे.

आकडेही पाहून घ्या. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. आजच्या २१ प्रकारांपैकी कितीतरी त्या मोजणीत नव्हतेच. आणि गुडघे गेलेले आजोबा, आठव्या महिन्यातली सून, पाय प्लास्टरमध्ये असलेला भाऊ यांना तर कुणीच मोजत नाही. पायरी मात्र त्यांनाही तेवढीच उंच असते.

'अपंग' म्हणावे की 'दिव्यांग', यावर आपल्याकडे फार चर्चा होते. माझ्याकडे येणाऱ्या मंडळींना मी विचारून पाहिले. एकाने सांगितले, "डॉक्टर, नाव काहीही ठेवा, तहसीलच्या जिन्याला कठडा बसवा." मी कायद्याच्या मराठी नावात आहे म्हणून 'दिव्यांग' लिहितो, इतकेच. पण चारचौघांत "ए लंगड्या", "ए बहिऱ्या" अशी हाक मारणाऱ्यांनी कलम ९२ माहीत करून घ्यावे. दिव्यांग व्यक्तीला कमी लेखण्याच्या हेतूने लोकांसमक्ष तिचा जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्या गावांत ही हाक इतकी रुळली आहे की ती गुन्हा ठरू शकते हे सांगितले तर लोक हसतात.

आता गैरसमजांचे बोलू. पहिला मोठा गैरसमज टक्क्यांचा. "डॉक्टर, ४० टक्के भरले नाहीत, म्हणजे मला काहीच नाही ना?" असे रोज कुणीतरी विचारतो. ४० टक्क्यांची अट आहे ती राखीव जागा आणि ठरावीक योजनांसाठी: सरकारी नोकरीत ४ टक्के, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के, ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, घरकुलासारख्या योजनांत वाटा. पण भेदभाव होऊ नये, इमारतीत शिरता यावे आणि गरजेपुरती वाजवी सोय मिळावी, हे हक्क टक्क्यांना बांधलेले नाहीत. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. एका उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला त्याने लेखनिक मागितला, तो नाकारला गेला. न्यायालयाने सांगितले की ४० टक्के नसले तरी लेखनिकाची सोय नाकारता येणार नाही.

'वाजवी सोय' हा शब्द लक्षात ठेवा, या कायद्याचा जीव त्यात आहे. समोरच्यावर अवाजवी भार न टाकता करता येईल असा, त्या व्यक्तीपुरता आवश्यक बदल, असा त्याचा अर्थ. कमी दिसणाऱ्या कारकुनाला खिडकीजवळचे टेबल. कमी ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला पुढचा बाक आणि शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून न बोलणे. मधुमेहाने पायाची बोटे गेलेल्या शिपायाला तळमजल्यावरचे काम. यांतल्या कशालाही दमडी लागत नाही.

दुसरा गैरसमज टक्के मोजण्याचा. एका पायाचे ३० आणि एका हाताचे ३० मिळून ६० झाले, असा हिशेब लोक करतात आणि दाखल्यावर ५० पाहून मंडळावर चिडतात. तो हिशेब असा नसतो. मोठा आकडा पूर्ण धरायचा. ९० मधून तो वजा करायचा. उरलेल्याला धाकट्या आकड्याने गुणून ९० ने भागायचे. आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. म्हणजे ९० वजा ३० बरोबर ६०, साठ गुणिले तीस भागिले नव्वद बरोबर २०, आणि ३० अधिक २० बरोबर ५०. हातापायांच्या अपंगत्वासाठी हे सूत्र आहे. यात कुणी कुणाचे टक्के खाल्लेले नसतात.

हा दाखला माझ्यासारखा खासगी डॉक्टर देऊ शकत नाही. अधिकृत वैद्यकीय अधिकारी किंवा मंडळच देते, आणि अर्ज आता स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो. दाखला मंजूर झाला की वैश्विक ओळखपत्र, म्हणजे सगळे ज्याला यूडीआयडी म्हणतात ते मिळते आणि ते देशभर चालते. पक्षाघात झाल्याबरोबर पंधरा दिवसांत दाखल्यासाठी धावू नका. त्या वेळी सुधारणा चालू असते, टक्के ठरवण्याआधी काही महिने जाऊ द्यावे लागतात. तो वेळ व्यायामाला द्यावा. आणि "साहेब, थोडे टक्के वाढवून मिळतील का?" अशी ओळख काढत माझ्याकडे येऊ नका. खोट्या मार्गाने दिव्यांगांचे लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असे कलम ९१ सांगते. शिवाय तुमचे ते टक्के कुणाच्या तरी खऱ्या पायाचे असतात.

उलट बाजूही आहे. जास्त टक्के म्हणजे नालायक, असाही समज आहे आणि तो आम्हा डॉक्टरांतच जास्त. आपल्याच राज्यातल्या एका मुलाला बोलण्याचे अपंगत्व ४० टक्क्यांहून अधिक म्हणून डॉक्टरकीला अपात्र ठरवले होते. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण दिल्लीला गेले. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ आकड्यावरून कुणाला बाहेर ठेवता येणार नाही. तो अभ्यासक्रम त्याला प्रत्यक्ष जमेल की नाही, हे मंडळाने तपासून सांगावे. तीस वर्षे व्यवसाय करून मीही असेच म्हणेन. अडखळत बोलणारा डॉक्टर मी पाहिला आहे, पेशंटचे ऐकून घेण्यात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे होता.

नोकरीत असताना अपंगत्व आले तर काय, हा प्रश्न माझ्याकडे मधुमेहाच्या वाटेने येतो. एका सरकारी कार्यालयातल्या वाहनचालकाचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. जखम भरायच्या आत वरिष्ठांनी त्याच्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला. बिचारा सही करून मोकळा होणार होता. पुतण्याने अडवले. कलम २० सांगते की सरकारी आस्थापनेत सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जा कमी करता येत नाही. आधीचे काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यायचे. जागा नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत जादा पद निर्माण करून त्याला ठेवायचे. जुन्या कायद्यातही हे होते. पाय गमावलेल्या एका जवानाच्या खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितले होते. आपला चालक आज आवक-जावक सांभाळतो. खासगी नोकरीला मात्र ही हमी जशीच्या तशी लागू नाही, हेही सांगितले पाहिजे.

ज्यांच्या घरी बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेले मूल आहे, त्यांची एक चिंता आमच्या टेबलाशी हमखास निघते: आमच्यामागे याचे कोण? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती अशा व्यक्तीसाठी १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमते. न्यासाची 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्यविमा योजनाही आहे. मूल अठराचे झाले की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत गेल्यावर हे कळते आणि मग धावपळ होते. आधीच चौकशी करावी.

आता पुन्हा त्या पायऱ्यांकडे येतो, कारण खरे शिक्षण तिथे झाले.

बाईंच्या झेरॉक्सनंतर मी गवंडी बोलावला. "रॅम्प करायचा" म्हटल्यावर त्याने दुसऱ्या दिवशी पाच फुटांत उतार काढून दिला. मोटरसायकल झकास चढत होती. मी हौसेने चाकाची खुर्ची मागवली, कंपाउंडरला बसवले आणि स्वतः चढवू लागलो. निम्म्यावर माझा दम संपला आणि खुर्ची मागे कलली. उतरताना तर कंपाउंडरने डोळेच मिटले. तुम्ही कार्यालयांसमोरचे रॅम्प नीट पाहा. बहुतेक असेच घसरगुंडीसारखे आहेत. कुणीतरी तपासणीला येणार म्हणून केलेले, वर मोटरसायकली लावलेल्या, किंवा चढून गेल्यावर पुन्हा एक पायरी.

नियम आहे १ ला १२. एक इंच चढायचे तर बारा इंच लांबी. माझे जोते १८ इंच, म्हणजे उतार १८ फूट लांब हवा. दवाखान्याची दर्शनी बाजू जेमतेम पंधरा फूट. गवंडी म्हणाला, बसत नाही. मग एका अभियंता पेशंटने कागदावर आखून दिले: नऊ फूट भिंतीलगत, मग पाच फूट लांब-रुंद सपाट ओटा, तिथे वळायचे आणि उरलेले नऊ फूट परत. चाकाची खुर्ची जागच्या जागी वळायला दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट जागा लागते, म्हणून ओटा तेवढा. उताराची रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना धरायला नळ्या, कडेला चाक घसरू नये म्हणून लहानशी कड, फरशी खरखरीत. गुळगुळीत ग्रॅनाइट लावू नका, पहिल्या पावसात पेशंट घेऊन येईल. एकूण खर्च एका ईसीजी मशीनएवढा आला. मशीन घेताना मी दोनदा विचार केला नव्हता. यासाठी अठरा वर्षे लावली.

रॅम्प झाला आणि दार अडले. दार होते अडीच फुटी. चाकाच्या खुर्चीला ९० सेंटिमीटर, म्हणजे तीन फुटांची मोकळी वाट हवी. दार बदलले. मग संडास. तिथे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे, कारण माणूस आत पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगामुळे उघडत नाही. हे तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठीही लक्षात ठेवा. भांड्याशेजारी भक्कम आडवी नळी लावा. टॉवेल अडकवायची दांडी माणसाचे वजन पेलत नाही, ती धरून पडलेल्या तीन आजींच्या खुब्याची हाडे मी पाहिली आहेत.

हे सगळे करताना मला वाटले, संपले काम. पण अपंगत्व म्हणजे केवळ चाकाची खुर्ची नव्हे. आमच्याकडे कंपाउंडर नाव पुकारतो. एक कर्णबधिर तरुण एकदा सकाळी नऊपासून साडेबारापर्यंत बसून होता. त्याचे नाव दोनदा पुकारून झाले होते. आता आम्ही नाव पुकारतो आणि पाटीवर क्रमांकही लावतो. पाटी अंधाला दिसत नाही, पुकारणे बहिऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून दोन्ही लागतात. ऐकू न येणाऱ्याशी ओरडून बोलू नका. समोर उजेडात उभे राहा, तोंडावरचा मास्क खाली घ्या, सावकाश बोला, नाहीतर लिहून दाखवा. अंध माणसाचा हात धरून ओढू नका. आपले कोपर पुढे करा, तो धरील. आणि त्याच्या औषधांचे काय? आम्ही साधी युक्ती करतो. सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटाला एक रबर, रात्रीच्या पाकिटाला दोन. पूर्वी आम्ही बरोबर आलेल्या माणसाला सगळे समजावत असू आणि रुग्ण भिंतीकडे तोंड करून बसलेला असे. आजार त्याचा असतो, तर बोलायचेही त्याच्याशीच.

स्टेशनवर पिवळ्या फरशा पाहता ना? त्या शोभेच्या नाहीत. लांब उभ्या पट्ट्यांच्या फरशीचा अर्थ 'पुढे चला', ठिपक्यांच्या फरशीचा अर्थ 'थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे'. जपानमधल्या सेइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात प्रथम बसवल्या गेल्या. आपल्याकडे त्यांवर फेरीवाल्याची टोपली असते, किंवा त्या सरळ विजेच्या खांबाला जाऊन भिडतात.

कायद्यात मुदती होत्या. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले. लोकांच्या वापराच्या जुन्या इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या, म्हणजे जून २०२२ पर्यंत. सेवा देणाऱ्याने, मग तो सरकारी असो वा खासगी, दोन वर्षांत सोयी करायच्या होत्या. म्हणजे मी स्वतः मुदत टळल्यावर जागा झालो, आणि तेही पेन्सिलच्या रेघेमुळे. नव्या इमारतीला तर हे नियम पाळल्याखेरीज पूर्णत्वाचा दाखलाच द्यायचा नाही असे कलम ४४ आहे. तुमच्या गावात नवी बँक, नवे मंगल कार्यालय उघडले असेल तर दाखला कसा मिळाला हे विचारायला हरकत नाही. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की नुसती मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी नाहीत, बंधनकारक निकष हवेत. आणि ते तयार करायला सरकारला तीन महिने दिले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर मोबाइलवरच्या ओळख पडताळणीचा प्रश्न आला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे जळालेल्या बाईला यंत्र सांगते, "डोळे मिचकवा". न्यायालयाने पर्यायी पद्धती ठेवायला सांगितल्या.

अडचण आली तर करायचे काय? आधी त्या कार्यालयाच्या प्रमुखाला साध्या कागदावर अर्ज द्या, काय अडते ते नेमके लिहा ("सोय नाही" असे मोघम नको, "पहिल्या मजल्यावर जिन्याखेरीज वाट नाही, माझा दाखला खालीच तपासावा" असे लिहा) आणि आवक शिक्का असलेली प्रत जपून ठेवा. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्याचे नाव विचारा. तिथे दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे. आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे याबाबत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांची शिफारस ज्या कार्यालयाला पटत नाही त्याने तीन महिन्यांत कारण कळवायचे असते. ग्रामपंचायत व नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत उभे राहून ती कशावर खर्च झाली ते विचारा. बहुधा तिचाकी वाटप, हार आणि फोटो यांवर झालेली असते. तिचाकी द्यावीच, पण ती ज्या दारापर्यंत जाणार त्या दाराला पायऱ्या असतील तर माणूस बाहेरच राहणार.

मी त्यात तज्ज्ञ नाही; माझ्या दवाखान्यात अजून उणिवा आहेत. रॅम्प पूर्ण झाला त्या आठवड्यात तो सगळ्यात जास्त कुणी वापरला म्हणाल, तर गुडघेदुखीच्या आजींनी, बाळंतिणींनी आणि पाण्याचे जार आणणाऱ्या पोऱ्याने. बाई दहा दिवसांनी आल्या. खुर्चीची चाके स्वतःच्या हातांनी फिरवत वर आल्या, आत आल्या, दार लोटून घेतले. पंचवीस मिनिटे बोलत होत्या. इतक्या वर्षांत इतके कधीच बोलल्या नव्हत्या. निघताना तपासणीच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "डॉक्टर, हे तीन फूट उंच आहे. यावर मी कशी चढू?"

खालीवर होणारे टेबल मागवले आहे. ते येईपर्यंत आतल्या खोलीत चाकाच्या खुर्चीच्या उंचीचा लाकडी दिवाण टाकला आहे.

(पुढील आठवड्यात: पक्षाघातानंतरचे पहिले तीन महिने)